टँकरवाल्याचं घर

"हिला कशाला लागतीया रांग? हिच्या दारात तर नदी उतरती की रोज."

बोलणारीनं आवाज खाली ठेवला होता, पण पुढच्या पाठीला ऐकू जाईल इतपतच खाली. पुढची पाठ सोनाबाईची. आवाज सारजाबाईचा आहे हे कळायला तिला वळून बघायची गरज नव्हती. एकोणीस वर्षं दोघींनी याच विहिरीवर एकमेकींचे दोर सोडवले होते. सोनाबाईनं कमरेवरची रिकामी घागर या बाजूची त्या बाजूला घेतली आणि चिंचेच्या शेंड्याकडं बघत राहिली. शेंड्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. पाला होता, तो शेळ्यांना गेला होता.

सारजाबाई खोटं बोलत नव्हती. सोनाबाईच्या घरी पाण्यानं काठोकाठ भरलेलं पिंप होतं, वर ओलं पोतं टाकलेलं. तरी रोज सकाळी ती रिकामी घागर घेऊन रांगेत येई, कारण नवऱ्यानं, कुंडलिकनं, सांगून ठेवलं होतं, "रांगेत हुबं ऱ्हायचं. लोक बघत्यात." लोक बघत होतेच, पण त्याला वाटत होतं तसं नव्हे. वाडीतल्या बाकी बायका इथून दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. आठच्या आत सडकेवर पोचलं नाही तर हजेरी जाई. सोनाबाईही दिवाळीपर्यंत जात होती. अंगठ्याजवळचा घट्टा अजून नीट गेला नव्हता. नवरा टँकरवर लागला तसं त्यानं तिचं खडी फोडणं बंद केलं. ड्रायव्हरच्या बायकोनं हातोडा धरला तर ड्रायव्हरचं काय राहिलं? तेव्हापासून रांगेत उभं राहणं एवढंच तिचं काम होतं, आणि खडीपेक्षा ते हलकं होतं असं तिला कधी वाटलं नाही.

टँकर दिसायच्या आधी धूळ दिसली. मग हॉर्न. सांगोल्यापासून सात कोसांवरची ही वाडी. रस्ता असा, की हजार घागरींचं पाणी भरून निघालेला टँकर वाडीत येईतो दहा-वीस घागरी वाटेत सांडून येई. तोटीला बायका लावल्या तर डोकी फुटतात, हे पहिल्या आठवड्यात कळलं होतं. म्हणून पंचायतीनं ठरवलं, टँकर विहिरीत रिकामा करायचा आणि मग ज्यानं त्यानं शेंदून घ्यायचं. वरून गढूळ, खाली गढूळ, पण भांडण नाही. विहिरीत सोडण्याआधी एक हंडा ड्रायव्हरच्या घरी, हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं. ते आपोआप झालं. घर वाटेवरच होतं. मग हंड्याचे दोन झाले, दोनाचं पिंप झालं.

कुंडलिक उतरला. खाकी शर्ट, गळ्यात रुमाल, उजवा खांदा स्टेअरिंग ओढून ओढून थोडा खाली गेलेला. टँकर हातात आल्यापासून त्याचा आवाज दोन बोटं जाड झाला होता. कोंडीबा पंचायतीतला जुना माणूस. त्यानं बशीतला चहा पुढं केला.

"घ्या, कुंडलिकराव."

वर्षभरापूर्वी हाच कोंडीबा त्याला "ए कुंड्या, जरा बैल धर" म्हणत होता. सोनाबाईला ते आठवलं की अजून गुदगुल्या होत. कुंडलिकला होत नसत. तो बशी अशी घेई, की जन्मापासून बशीतूनच प्यायलाय.

पाइप विहिरीत गेला, पाणी आदळायला लागलं. दोर सुटले. त्या गोंधळात कोंडीबा मोठ्यानं म्हणाला, "आज शनवार. बेस्तरवारी मिरग. एकदा बरसला का आमची सुटका आन तुमची सुट्टी, काय कुंडलिकराव?"

सगळे हसले. कुंडलिकही हसला, पण बाकीच्यांचं हसून झाल्यावर.

सोनाबाईनं अर्धी घागर शेंदली. भरून घ्यायला तिला लाज वाटे आणि रिकामी न्यायला भीती.

संध्याकाळी तिघं ओट्यावर बसली. बजाबाई, कुंडलिकची आई, सुपात मिलो घेऊन खडे वेचत होती. रेशनवर मिळणारी ती लाल ज्वारी. तिची भाकरी कधी गोल येत नाही, आली तर तव्यावर राहत नाही. एकुलती लेक यशोदा करकंबला नांदत होती. राहिलेला एक बैल छावणीत होता. चार एकर मुरमाड रान होतं, ते आपलं आपण तापत पडलं होतं. ते रान पिकलं तरी कधी आठ महिन्यांच्या वर पुरलं नव्हतं. टँकर लागल्यापासून मात्र या घरात एक दिवसही चूल थंड राहिली नव्हती.

"दोन ठिकानं बोलावनं हाय," कुंडलिक म्हणाला. हे तिघांनाही चार दिवस माहीत होतं, पण त्यानं नवीन असल्यासारखं सांगितलं. "ठेकेदार म्हनतो, दिवाळीपत्तर टँकर सोडायचा न्हाय असा शब्द दे, पगार वाढवतो. आन सोलापूरचा सिद्धलिंगप्पा, सुताचा येपारी. त्याचा टेम्पोवाला हैद्राबादला गेलाय. विणकरांच्या घरी सुताचं गठ्ठं टाकायचं, चादरी भरून परत आनायच्या. बुधवारी दोघांनाबी सांगायचंय."

"पगार?" बजाबाईनं विचारलं.

"टँकरचा जास्त. सोलापूरला कमी, पर बाराम्हाई. मागं खोली देतो म्हनतोय."

"खोलीत चूल मांडता येती का?"

"येत आसंल की."

"टँकरवर मान हाय," सोनाबाई म्हणाली. तिला स्वतःलाच कळलं नाही, आपण त्याच्या बाजूनं बोललो की चिडवलं.

"मानाचं ऱ्हाऊ दे." कुंडलिकनं रुमालानं मान पुसली. "आईचं कसं हुयाचं तितं?"

"मला काय झालंय? मी काय तान्ही हाय? कुटंबी ऱ्हाती."

"हितलं रान?"

"रान काय पळून जातंय व्हय?"

असं बराच वेळ चाललं. खोली, चूल, एस्टी, रान, म्हातारीचे गुडघे, सगळं बोलून झालं. दिवाळीपर्यंत टँकर चालायचा तर मधल्या महिन्यांत आभाळानं काय करायला नको, एवढं मात्र कुणी बोललं नाही. ठेकेदारानंही शब्द मागताना ते सांगितलं नव्हतं. बजाबाईनं सूप उलटं करून झाडलं आणि खडे आणि दाणे दोन्ही एकत्र झाले. ती पुन्हा पहिल्यापासून वेचायला बसली.

रविवारी टँकर बंद असे. कुंडलिक सोलापूरला काम बघायला निघाला आणि सोनाबाईला म्हणाला, "तूबी चल. खोली बघ." लग्न झाल्यापासून नवऱ्यानं तिला काही बघायला नेलं, असं हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा डॉक्टर होता.

सिद्धलिंगप्पाची वखार पूर्व भागात होती. गल्ल्यागल्ल्यांतून मागांची खटखट चाललेली. रविवार असून कुणाला रविवार नव्हता. सिद्धलिंगप्पा जाडजूड, कपाळावर विभूती, बोलण्यात कानडीचा हेल.

"चालवून दाखवा बघू, राव. तीन चाकी हाय, घाबरू नका री."

"टँकर चालवतो मी," कुंडलिक म्हणाला.

"टँकरला गल्ली कुठं असतंय? हितं गल्लीच हाय, रस्ता न्हाई."

खरंच होतं ते. मोठं चाक वळवायची सवय असलेल्या कुंडलिकनं पहिल्याच वळणाला टेम्पो एका ओट्याला घासला. आतून एक बाई तेलुगूत काहीतरी बोलत आली. शब्द कळले नाहीत, मतलब कळला. पुढं एका विणकराच्या दारात त्यानं टेम्पो थांबवला, सुताचा गठ्ठा डोक्यावर घेतला. दारातला म्हातारा मागावरून न उठता म्हणाला, "ए टेम्पो, चप्पल तिकडं. गठ्ठा माडीवर."

माडीला शिडी होती, जिना नव्हे. कुंडलिकनं चपला काढल्या. डोक्यावर गठ्ठा, एक हात शिडीला. टेम्पोतून बरोबर आलेल्या सोनाबाईला खालून त्याच्या टाचा दिसत होत्या, भेगा पडलेल्या, आणि दबून आखूड झालेली मान. सहा महिने या माणसाला कुणी राव जोडल्याशिवाय हाक मारली नव्हती. तो खाली आला तेव्हा तिनं मुद्दाम दुसरीकडं बघितलं. बायकोनं बघितलं नाही असं त्याला वाटावं, एवढं तिला करता येत होतं.

वखारीमागं खोली होती, दहा बाय दहा. चूल मांडता येत होती. अंगणात नळ होता. सिद्धलिंगप्पाची बायको शरणम्मा तांब्याभर पाणी घेऊन आली. सोनाबाई अर्धं प्यायली आणि उरलेलं परत कशात ओतावं म्हणून इकडंतिकडं बघायला लागली. शरणम्मानं तिच्या हातून तांब्या घेतला आणि उरलेलं सहज मोरीत फेकलं. सोनाबाईच्या तोंडून "अगं बया" निघून गेलं.

"काय झालं?"

"काय न्हाय." मग काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "पाऊस कसाय हितं?"

शरणम्माला जरा विचार करावा लागला. "आला तर सूत भिजतंय बघा, ताडपत्री टाकावी लागती. न्हाई आला तर न्हाई. माग चालतंय की."

परतताना ते स्टँडवर एस्टीची वाट बघत बसले होते. पश्चिमेकडं एक ढग चढला. फार मोठा नव्हता. पण शेजारी बसलेला सांगोल्याकडचा एक शेतकरी उभा राहिला, "आलं वाटतं," म्हणाला, आणि सगळ्या स्टँडनं मान वर केली. पोरं कडेवर घेतलेल्या बायकांनीही. कुंडलिकनं केली नाही. तो मांडीवर हात पसरून नखं बघत बसला. सोनाबाईला ते दिसलं, आणि आपण ढगाकडं न बघता त्याच्याकडं का बघतोय, हेही तिच्या ध्यानात आलं.  तिनं घाईनं मान फिरवली आणि पिशवीतली भाकरी काढली.

ढग पांगला. शेतकरी खाली बसला.

"काय म्हनता मग?" तिनं विचारलं.

"मान मोडतीया त्या कामात."

"व्हय, गठ्ठा जड हुता."

"गठ्ठ्याचं न्हाय म्हनत."

मंगळवारी वाडीनं धोंडी काढली. एरवी पाऊस लांबला की काढतात. यंदा मिरगापर्यंत थांबायलाही कुणाला धीर नव्हता, गेल्या साली तो आलाच नव्हता. येडू दरवर्षीचा धोंडी. चाळिशीचा, सडपातळ, गरीब माणूस. अंगावर लिंबाचे डहाळे बांधून घेताना कुणाचाही लागलेला हात त्याला चालायचा. खांद्यावर मुसळ, मुसळाला बेडूक बांधायचा. यंदा बेडूक मिळाला नाही. येडूनं हिरव्या चिंधीचा केला आणि त्याला काळ्या दोऱ्यानं डोळे काढले. हलगी वाजवत, गाणं म्हणत घरोघर जायचं. घरच्या बाईनं धोंडीच्या डोक्यावरून पाणी ओतायचं, पाला निथळेपर्यंत. जसा पाला निथळंल तसा पाऊस पडंल, असं वाडीत लहानथोर सगळे धरून होते.

पण पाणी कुणाकडं होतं? कुणी गडवाभर घातलं, कुणी अर्धा पेला. एकीनं मिलो धुतलेलं पाणीच आणलं. सारजाबाईनं नातवाच्या अंघोळीचं राखून ठेवलेलं तांब्याभर पाणी आणलं आणि शेवटचा थेंब झटकून घातला. वीस घरं झाली तरी येडूच्या डोक्यावरच्या पाल्याची धूळ गेली नव्हती. धूळ ओली होऊन चिखलाचे ओघळ कपाळावर आले होते. सगळी माणसं मागं मागं येत होती, आणि त्यांचे पाय कुठल्या घरासमोर थांबायचे हे हलगी वाजवणाऱ्यालाही माहीत होतं.

"टँकरवाल्याच्या घरी निथळतोय बगा आज येडू," कुणीतरी म्हणालं. त्यात टोमणा नव्हता. खरोखरच आशा होती.

कुंडलिक टँकर घेऊन गेलेला. बजाबाई दारात बसलेली. सोनाबाईनं पिंपावरचं पोतं सरकवलं, हंडा बुडवून काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी उचलून बाहेर आली. येडूनं डोळे मिटले, मान पुढं केली. हलगी थांबली.

हंडा छातीपर्यंत गेला. तिथून वर न्यायचा होता. सोनाबाईच्या हातात ताकद होती. एकोणीस वर्षं तिनं याहून जड हंडे डोक्यावर नेले होते. ती उभी राहिली. येडूच्या पापण्यांवर माती चिकटली होती, ती तिला दिसत होती. मग हंडा कलला आणि सगळं पाणी त्याच्या पायावर पडलं. सगळंच. जमिनीनं ते आवाज करत पिऊन टाकलं.

येडू डोळे मिटून तसाच वाट बघत राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले, पायांकडं बघितलं आणि बाई काहीतरी विसरलीय अशा समजुतीनं हळूच म्हणाला, "वैनी, डोस्क्यावर घालायचं असतंय. दुसरा आना."

"पिंप सरलं," सोनाबाई म्हणाली.

पिंप दारातून दिसत होतं. काठाशी पाणी हलत होतं अजून.

सारजाबाई रिकामा तांब्या हातात धरून उभी होती. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. नेहमी बोलायची.

"उनानं भवंड आली गं तिला," बजाबाई दारातून म्हणाली. उठून तिनं येडूच्या टोपलीत मूठभर मिलो घातली. भरलेला तांब्या तिच्या पायाशी होता. मिलोची मूठ घेऊन जाताना तो ओलांडून गेली, येताना ओलांडून आली.

हलगी पुढं सरकली, पण गाणं सुरू व्हायला तीन घरं जावी लागली.

दिवेलागणीला कुंडलिक आला. शर्ट न काढता ओट्यावर बसला. बराच वेळ रुमालाची घडी घातली, मोडली.

"तुला भवंड आली म्हनं. पारावर बोलत हुती मानसं."

"आत्या म्हनल्या तसं," सोनाबाई म्हणाली. ती चुलीशी होती. तिनं भाकरी उलटली. ती मधोमध चिरली.

"हंडा काठोकाठ भरलास म्हनून हात थरथरला आसंल. एवढा भरायचाच कशाला?"

"तसंच झालं आसंल," बजाबाई म्हणाली.

"उद्या येडूला घरी बोलवू. दोन हंडं घालू डोस्क्यावरनं, लोकांदेखत. मिटलं."

"कोन घालनार?" सोनाबाईनं विचारलं.

"तूच की."

"आत्या घालतील."

"माजं हात वर जात न्हाईत आता, बाई," बजाबाई घाईनं म्हणाली. सकाळीच तिनं सरपणाची मोळी डोक्यावर आणली होती.

"मग तुमी घाला. तुमचंच पानी हाय."

"म्या गडी मानूस. त्ये बायकांचं काम." कुंडलिक उठला, अंगणात गेला, परत आला. बाहेर वारा सुटला होता आणि त्याला मातीचा वास होता. तो आत आल्यावर त्यानं दार ओढून घेतलं. "ऱ्हाऊ दे त्ये येडूचं. सकाळी ठेकेदाराला काय सांगू? शब्द देऊन टाकतो. आनि काय? त्या गल्लीबोळात कोन मरतंय. आई, तू सांग."

"मी काय सांगू, बाबा? देवाच्या मनात आसंल तसं."

"तू बोल गं."

सोनाबाईनं तवा खाली घेतला. चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, पाणी न घालता राखेत खुपसून विझवलं आणि हात लुगड्याला पुसत वळली.

"मला भवंड आली न्हवती."

"बरं, न्हवती."

"हातबी थरथरला न्हाय. हंडा वर न्यायला लागले आन मनात आलं, ह्यो निथळला आन उद्या आभाळ खरंच बरसलं तर? म्हनून पायावर वतला."

"गप," कुंडलिक म्हणाला. दाराकडं बघून पुन्हा म्हणाला, "गप बस, सोने."

"लई दिस गप हाय. तुमी टँकरवर ऱ्हावा न्हाय तर सोलापूरला चला, मी येती दोन्हीकडं. पर एकदा तोंडानं म्हना आन मग शब्द द्या ठेकेदाराला." तिनं सासूकडं बघितलं. म्हातारी सुपात बघत होती, आणि सूप रिकामं होतं. "आपल्या घराला पाऊस नगं झालाय. मला नगं झालाय, आत्यास्नी नगं झालाय, आन तुमालाबी नगं झालाय."